‘हा वाचत नाहीये, पाठ म्हणतोय!’

पत्र थोडक्यात: ठाण्याच्या घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका आईचं हे पत्र आहे. मुलगा साडेसहा वर्षांचा, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीत. घरात बोलणं मराठीत. दिवाळीत वडिलांनी चाळीस छोट्या इंग्रजी पुस्तकांचा संच ऑनलाइन मागवला, साडेतीन हजारांचा. पुस्तकांवर लेव्हल एक, लेव्हल दोन असे आकडे. मुलाने पहिल्या लेव्हलची दहा पुस्तकं आठवड्यात ‘संपवली’. घरी पेढे वाटायचेच बाकी होते, तेवढ्यात आईच्या लक्षात आलं की तो चित्र बघून पाठ म्हणतो. चित्रावर हात ठेवला की गप्प. मराठीचं खातं आजीकडे. रोज संध्याकाळी दिवा लागला की बाराखडी. ती तोंडपाठ आहे, पण गोष्टीचं पुस्तक पुढे केलं की दुसऱ्याच ओळीला ‘आई, तू वाच ना’. समोरच्या विंगमधली त्याच्याच वर्गातली मुलगी जाड पुस्तकं वाचते, हे सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना कळलेलं आहे. आईचे प्रश्न: आधी इंग्रजी की मराठी? कुठल्या लेव्हलची पुस्तकं आणू? चित्रं नसलेली आणली तर तो अक्षरांकडे बघेल का? मी वाचून दाखवणं बंद करू का? आणि त्याच कंपनीच्या पुढच्या संचावर रविवार रात्रीपर्यंत निम्म्या किमतीची ऑफर आहे, तो घेऊन ठेवू का?

चाळीस पुस्तकांच्या आईस, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘तो आम्हाला फसवतोय असं वाटतं.’ त्या वाक्यापाशी मी जरा थांबले. फसवायचं असतं तर त्याने तुम्ही चित्रावर हात ठेवल्यावर काहीतरी ठोकून दिलं असतं. तो गप्प बसला. म्हणजे इथे काहीतरी लिहिलेलं आहे, ते ठरलेलं आहे, आपल्या मनाचं चालत नाही, एवढं त्याला पक्कं कळलंय. वाचनाची निम्मी लढाई नसेल, पण पहिला किल्ला हाच असतो. तीन वर्षांच्या पोराला विचारा, ते पुस्तक उलटं धरूनही धाडधाड वाचून दाखवतं.

पाठ म्हणणं ही वाचनाच्या आधीची जागा आहे. आपण सगळे तिथे होतो. आरत्या आठवा. पाच-सहा वर्षांचे असताना आपण पुस्तिका हातात धरून ‘वाचायचो’, आणि कितीतरी दिवसांनी एखाद्या ओळीवर डोळा आणि तोंड एकदम पोचायचं. पण हेही सांगते, की इथे मुक्काम करायचा नाही. पाठ म्हणणाऱ्या मुलाला आपोआप अक्षरं येत नाहीत. त्याच्या ओळखीच्या वाक्यातला एक शब्द वहीत मोठ्या अक्षरात लिहा आणि विचारा, हा कुठला? ओळखला तर अक्षरं आत जाताहेत. नाही ओळखला तर ते पुस्तक अजून ऐकण्याचं आहे, वाचण्याचं नाही. यात रागवण्यासारखं काही नाही. फक्त कुठलं पुस्तक कशासाठी, हे आपल्याला कळतं.

आता त्या दहा पुस्तकांकडे वळू. लेव्हल एकच्या अशा बऱ्याच इंग्रजी पुस्तकांची रचना एकाच साच्यातली असते. पानावर एक वाक्य, प्रत्येक पानावर तेच, फक्त शेवटचा शब्द बदलतो, आणि तो शब्द म्हणजे शेजारचं चित्र. मला कुत्रा दिसतो, मला मांजर दिसते, मला बस दिसते. तुमच्या लेकाने यात जे केलं तेच कुणीही शहाणा माणूस करेल. अक्षरं न बघता काम होत असेल तर बघायची कशाला? पुस्तकानेच त्याला तसं शिकवलं. शाळेत ध्वनींवरून वाचायला शिकवत असतील, म्हणजे तुम्ही ज्याला फोनिक्स म्हणता ते, तर इंग्रजीची पहिली पुस्तकं त्याच वाटेने जाणारी हवीत. जे ध्वनी वर्गात झाले तेवढ्यांतूनच बनलेले शब्द, आणि चित्राने उत्तर फोडायचं नाही. अशी पुस्तकं वेगळी मिळतात, त्यांना ‘डिकोडेबल’ म्हणतात. कुठले ध्वनी झालेत हे वर्गशिक्षिकेला विचारा. ती सांगेल, आणि कुणीतरी ‘नंबर किती आला’ सोडून दुसरं काही विचारलं म्हणून खूशही होईल.

लेव्हलच्या आकड्याबद्दलही बोलायला हवं, कारण तुमच्या पत्रात तो शब्द अकरा वेळा आलाय. मी मोजला. आपल्याला वाटतं की चपलांना जसे नंबर असतात तसे पुस्तकांना असतात. तसं नाही. सगळ्या प्रकाशकांनी मिळून ठरवलेली एक फूटपट्टी नाही, जो तो आपला जिना बांधतो. एकाची दुसरी पायरी दुसऱ्याच्या चौथीएवढी उंच असू शकते. ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर चार पायऱ्या आहेत. पहिलीत साधारण २५० शब्दांच्या आतली गोष्ट, दुसरीत ६०० पर्यंत, तिसरीत १५०० पर्यंत, त्यापुढे चौथी. पुस्तकाचा अंदाज घ्यायला हे बरं आहे. पण शब्द किती हे मोजलं म्हणून शब्द कसे हे कळत नाही. ‘स्वयंपाकघर’ हा एकच शब्द मोजला जातो. तुमचा लेक दिवसातून वीस वेळा त्या खोलीत जातो, आणि तरी तो शब्द छापलेला दिसला की त्याच्यासाठी तो कळसूबाई आहे.

‘४ ते ६ वर्षे’ असा गोल शिक्का बघून मीही नातीसाठी एक पुस्तक आणलं होतं. तिने महिनाभर ते उशीला टेकवून त्यावरून गाड्या सोडल्या. पुठ्ठा उत्तम होता.

देवनागरीत सोपं म्हणजे काय, हे इंग्रजीच्या चष्म्यातून बघता येत नाही. आपलं अक्षर आपला आवाज सांगतं, ही आपली मोठीच सोय. ‘क’ला एकदा क म्हटलं की तो सहसा दगा देत नाही. पण आकार फार. चौतीस-एक व्यंजनं धरा, त्यांना बारा स्वर, म्हणजे चारशेच्या वर रूपं बाराखडीतच झाली. वर जोडाक्षरं, आणि एकट्या ‘र’ची सोंगं बघा: सूर्यातला, चक्रातला, ट्रकमधला, सुऱ्यातला. हे सगळं डोळ्यांत बसायला वेळ लागतो आणि पहिलीत ते पुरं होत नाही. सरकारच्या २०२१ च्या निपुण भारत योजनेतही पहिलीच्या अखेरीस अपेक्षा आहे ती चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचता येण्याची. मिनिटाला ६० शब्द, तेही समजून, ही अपेक्षा तिसरीच्या अखेरची. तुमचा मुलगा पहिलीच्या मध्यावर आहे. समोरच्या विंगमधल्या मुलीचं कौतुक करा आणि ग्रुप थोडे दिवस म्यूट ठेवा.

आजींच्या बाराखडीला मी नावं ठेवणार नाही. दिव्याशी बसून नातवाला घेऊन काही म्हणायचं, हे ज्या घरात होतं त्या घराला सल्ला द्यायला मला संकोचच वाटतो. पण एक करून बघा. त्याला मधूनच विचारा, ‘कौ’ दाखव. बरीच मुलं क, का, कि, की पासून गात गात निघतात आणि गाणं कौवर पोचलं की बोट ठेवतात. म्हणजे चाल पाठ आहे, आकार नाही. आजींनी ते थोडं कमी म्हणवून घ्यावं आणि बदल्यात एवढंच करावं: एक काना, एक मात्रा, एक वेलांटी घ्यायची आणि त्यातून घरातले शब्द बनवायचे. काका, मामा, काकी, मामी, केळी, पेला, पाटी. बाराखडी संपेपर्यंत पुस्तकाला हात लावायचा नाही, असा काही नियम नाही. न, म, क, ल, ब, र, स, प आणि तीन-चार चिन्हं आली की पहिल्या पुस्तकाचं दार उघडतं.

ते पहिलं पुस्तक मात्र निवडून घ्यावं लागतं. इथे लोक दोन टोकांना जातात. एक टोक म्हणजे ‘जोडाक्षरविरहित’ असा शिक्का मारलेली पुस्तकं. त्यातलं मराठी बघा: कमल नळ बघ. अमर, घर बघ. बबन, गवत बघ. कुठल्या घरात असं बोलतात? नळ गळत असेल तर गोष्ट आहे. नुसता बघायचा कशाला? अमेरिकेत १९५०च्या दशकात शाळेतल्या पहिल्या पुस्तकांबद्दल हीच ओरड झाली होती, की ती मुलांना झोप आणतात. तेव्हा डॉ. स्यूस या लेखकाने ठरवून दिलेल्या यादीतले शब्द वापरून टोपीवाल्या मांजराची गोष्ट लिहिली. ती १९५७ साली आली, त्यात वेगवेगळे शब्द फक्त २३६, आणि पोरं ती सोडेनात. म्हणजे शब्द मोजके असणं हा गुन्हा नाही, त्यात काही घडत नसणं हा आहे.

शिवाय जोडाक्षर पूर्ण टाळून मराठी गोष्ट सांगताच येत नाही. ‘म्हणाला’ टाळणार कसं? प्रत्येक गोष्टीत कुणीतरी काहीतरी म्हणतंच. ‘त्याच्या’, ‘तिच्या’, ‘झाडाच्या’ यांतला ‘च्या’ तर पानोपानी. गोष्ट हा शब्दच जोडाक्षराचा! त्यामुळे माझा सल्ला असा की ‘म्हणाला-म्हणाली’, ‘च्या’, ‘त्या’ आणि ‘गोष्ट’ एवढी चार-पाच मंडळी आधीच ओळखीची करून द्या. चिठ्ठीवर लिहून फ्रीजवर लावा, येता-जाता नमस्कार घडू दे. मग एका पानावर एखाद-दुसरं नवं जोडाक्षर असलेलं पुस्तक चालतं.

दुसरं टोक म्हणजे सुंदर, जाड, बक्षीस मिळवलेलं पुस्तक, ज्यात वाक्य तीन ओळींचं आहे आणि चिमणी ‘आनंदाने उद्गारते’. ते वाईट नाही. ते तुम्ही वाचून दाखवायचं आहे.

दुकानात किंवा प्रदर्शनात पुस्तक हातात आलं की मी काय बघते ते सांगते. आधी मधलंच एक पान उघडून मोठ्याने वाचते. लाज वाटत असेल तर आजींना वाचायला सांगा. चष्मा घरी विसरल्या असतील तरी वाचता येतंय का, म्हणजे अक्षर पुरेसं मोठं आहे का, हेही त्यात कळतं. आजींची जीभ अडखळली तर ते मराठी दुसऱ्या भाषेतून घाईने आणलेलं आहे, ठेवून द्या. मग ‘केले, गेले, झाले’ आहे की ‘केलं, गेलं, झालं’ ते बघा. नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाच्या तोंडात जे आहे तेच कागदावर असलं तर त्याचं ओझं निम्मं होतं. ‘केले’ची ओळख वर्षभराने झाली तरी काही बिघडत नाही.

नंतर छपाई. हे कुणी बघत नाही, म्हणून जरा रेंगाळते. मी गेली काही वर्षं नौपाड्यात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर शनिवारी संध्याकाळी मुलांना घेऊन बसते. तिथे एक मुलगी ‘लाल’ या शब्दावर अडली. अगदी चांगली वाचणारी मुलगी. मी म्हटलं, अगं, ल येतो ना तुला? ती म्हणाली, ‘हा ल नाहीये.’ तिचं बरोबर होतं. शाळेत तिला शिकवला होता पाकळ्यांचा ल, आणि पुस्तकात होता दांड्याला चिकटलेला हिंदी वळणाचा ल. मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा, हे राज्य सरकारने २००९ च्या निर्णयात सांगितलेलं आहे, पण संगणकावर जो टंक सापडेल तो लावून पुस्तकं निघतात. मोठ्या माणसाला फरक दिसतही नाही. सहा वर्षांच्या डोळ्याला ती दोन वेगळी अक्षरं असतात. तेव्हा ल आणि श तपासा. शब्दांमध्ये मोकळी जागा आहे का, ओळ संपताना शब्द तोडलाय का, जांभळ्या आभाळावर काळी अक्षरं तर छापलेली नाहीत ना, हेही बघा.

आणि शेवटी मुलालाच एक पान वाचायला द्या. पाच बोटांचा एक नियम तुम्ही ऐकला असेल: अडलेल्या शब्दाला एक बोट मिटायचं, मूठ वळली की पुस्तक अवघड. तो भरलेल्या पानासाठी ठीक आहे. तुमच्या लेकाच्या पानावर दहा-बारा शब्द असणार, तिथे पाच बोटं मिटेपर्यंत पान संपतं. दोन बोटांवर थांबा. पुस्तक ‘अगदीच बाळबोध’ वाटलं तर घ्या. बाळच आहे ते.

चित्रं नसलेली पुस्तकं आणू नका. पोहायला येत नाही म्हणून तलावाचं पाणी काढून टाकण्यातला प्रकार होईल. चित्र आणि वाक्य यांचं नातं मात्र बघा. ‘मनी दूध पिते’ आणि शेजारी दूध पिणारी मनी, तर वाक्य कशाला वाचायचं? पण वाक्य आहे ‘मनी म्हणाली, मी दूध नाही प्यायले’ आणि चित्रात मनीच्या मिशा पांढऱ्या, तर गंमत तेव्हाच कळते जेव्हा ‘नाही’ वाचला जातो. अशी पानं ज्यात आहेत ते पुस्तक. तो चित्रावरून ‘भाकरी’ला ‘पोळी’ म्हणाला तर डोळे वटारू नका, पण सोडूनही देऊ नका. ‘पोळीसुद्धा चालली असती, पण पहिलं अक्षर बघ बरं’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड, मला अजून नीट जमत नाही.

आधी इंग्रजी की मराठी, या प्रश्नामागे एक समजूत आहे की डोक्यात एकच रांग असते आणि एक पुढे सरकल्याशिवाय दुसऱ्याला जागा नाही. वाचनाबद्दल अभ्यासकांमध्ये एक साधं सूत्र प्रसिद्ध आहे, गॉफ आणि टन्मर या दोघांनी १९८६ मध्ये मांडलेलं: अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं म्हणजे वाचन. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य तर सगळंच शून्य. आता बघा, इंग्रजीत तुमच्या लेकाची दुसरी बाजू अजून लहान आहे. ध्वनी जोडून त्याने कोंबडीला इंग्रजीत काय म्हणतात ते वाचलंही, पण तो शब्द त्याने कधी कुणाच्या तोंडून ऐकलाच नसेल तर बरोबर आलं की चूक, हे त्याला कसं कळणार? मराठीत ती बाजू भरलेली आहे.

आमच्या शनिवारच्या टोळीतला एक मुलगा ‘चहा’ वाचत होता. त्याने एकेक अक्षर सुटं करून ‘च…हा’ म्हटलं. काहीतरी विचित्र वाटलं म्हणून थांबला, पुन्हा म्हणाला, आणि एकदम ओरडला, ‘अरे, चहा!’ कुणी सुधारलं नाही. घरातल्या दोन वेळच्या चहाने सुधारलं. हा ‘अरे’ मुलाला स्वतःच्या भाषेत लवकर मिळतो. कागदावरच्या खुणा म्हणजे तोंडातलेच आवाज आहेत, हे एकदा कळलं की ते इंग्रजीतही उपयोगी पडतं. म्हणून मराठी पुस्तकं आत्ता, जोमाने. इंग्रजी शाळेच्या चालीने, शाळेत जे ध्वनी झाले त्यांच्या मागोमाग. तसंही २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, त्यामुळे मराठीचा वेळ ‘वाया’ जाण्याचा हिशेबच उरत नाही. दोन्ही भाषा एकाच पानावर असलेली पुस्तकं दिसायला सोयीची असतात, पण पान गजबजतं आणि मूल सोप्या भाषेतलं वाचून दुसरीवरून उडी मारतं. ती वर्षभराने.

वाचून दाखवणं बंद करू का, या प्रश्नावर मात्र मी हळू आवाजात बोलणार नाही. अजिबात नाही! स्वतः वाचायला लागेल या आशेने गोष्ट बंद करायची म्हणजे चालायला शिकावं म्हणून कडेवर घेणं सोडायचं. त्याच्या कानाला झेपणारी गोष्ट आणि डोळ्याला झेपणारी गोष्ट यांत दोन-तीन वर्षांचं अंतर आहे, आणि कानाकडून जे शब्द आत जातील तेच उद्या डोळ्यांना ओळखीचे निघतील. घरात दोन ढीग करा. एक त्याचा, बाळबोध पुस्तकांचा, त्याने तुम्हाला वाचून दाखवायचा. दुसरा तुमचा, लांब वाक्यांच्या, उद्गारणाऱ्या चिमण्यांच्या पुस्तकांचा. तुम्ही साडेसातच्या पुढे घरात शिरता असं लिहिलंय. त्याचं पाच मिनिटं पुरे, तुमचं दहा. दमला असाल त्या दिवशी त्याचं राहू दे, तुमचं राहू देऊ नका. आणि हे खातं सगळं आयांच्या अंगावर का असतं हा वेगळा लेख आहे. साडेतीन हजारांची ऑर्डर एका अंगठ्याने देणाऱ्या बाबांनाही रोज दहा मिनिटं बसता येईल.

ती चाळीस पुस्तकं फेकू नका. त्यातली साच्याची पुस्तकं बोलायला वापरा, मांजर कुठल्या रंगाची, पळून कुठे जाईल. ज्यांत त्याला येतात तेच ध्वनी आहेत ती त्याच्या ढिगात. उरलेली पिशवीत भरून वर ठेवा, सहा महिन्यांनी उघडली की नवी वाटतील.

मराठीसाठी फार खर्च येत नाही. ‘प्रथम’ची आणि नॅशनल बुक ट्रस्टची पातळ पुस्तकं स्वस्त असतात. ज्योत्स्ना प्रकाशनाने लहानांसाठी जे काढलंय त्यातलं मराठी घरात बोलतो तसं आहे, त्यातली माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आधी वाचून दाखवायला आणा, वर्षभरात तीच तो ओढून घेईल. स्टोरीवीव्हरवरची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. आवडलेलं एखादं छापून, स्टेपल मारून द्या. मोबाइलवर बोट सरकवण्यापेक्षा ते बरं, कारण त्यावर त्याला स्वतःचं नाव लिहिता येतं. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. आपण स्टेशनला जाताना त्याच्या आसपासून जातो आणि आत जात नाही. विकत घेण्याआधी दहा पुस्तकं घरी राहून जाऊ देत, मग कुठलं विकत घ्यायचं ते तोच सांगेल. जे तिसऱ्यांदा मागितलं ते घ्यायचं.

पुस्तक नसतानाही वाचन होतं, आणि तुम्ही तर घोडबंदर रोडवर राहता, म्हणजे रोज अर्धा-पाऊण तास गाडीत अडकून पडण्याची सोय आहे. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजूबाजूला जे होतं, दगड, पानं, बिया, त्यातूनच मुलांना शिकवलं. आपल्या आजूबाजूला पाट्या आहेत. दुकानांवर आता देवनागरी असते, बसवर असते. माजिवडा, मानपाडा, वाघबीळ, ओवळा: एकाही नावात जोडाक्षर नाही! कुणी लेखकाने बसून रचावं असं पहिल्या इयत्तेचं पुस्तक आहे हा रस्ता. त्यातला ‘वाघबीळ’ त्याला स्वतः उलगडू द्या. वाघ… बीळ… मग विचारा, बिळात वाघ मावतो का? तुमचे पुढचे तीन सिग्नल निघून जातील.

एक गोष्ट लक्षात ठेवा, घाबरायला नाही, ठेवायला. वर्ष-दीड वर्ष असं प्रेमाने चालूनही दुसरीच्या अखेरीस साधी अक्षरं रोज नव्याने भेटल्यासारखी वाटत असतील, पुस्तक दिसलं की पोट दुखत असेल, तर ‘आळशी आहे’ म्हणू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग शिक्षिकेशी आणि गरज वाटली तर शिकण्यातल्या अडचणींच्या तज्ज्ञाशी बोला. आत्ता तुमच्या पत्रावरून मला तसं काही दिसत नाही.

राहिली ऑफर. पुढचा संच घेऊ नका. ज्या जिन्याची पहिली पायरी त्याने चित्रांवरून उड्या मारत पार केली, त्याची दुसरी पायरी निम्म्या किमतीत घेऊन तो वर चढणार नाही. रविवारी रात्री बाराला ती संपते म्हणता. संपू दे. तुम्ही त्या वेळी झोपलेल्या असाल तर उत्तम, आणि त्याआधी आजींनी चष्मा लावून मनीच्या मिशांची गोष्ट वाचली असेल तर आणखी उत्तम. महिन्याभराने मला कळवा, कुठलं पुस्तक त्याने तिसऱ्यांदा मागितलं ते.

तुमची,
ताई